बर दुबईतलं आमचं एक्स्चेंज : चौदा वर्षांच्या पावत्यांवरून

पगार जमा झाल्याचा मेसेज आला की त्याच संध्याकाळी मी बर दुबईत उतरते. शरफ डीजी (पूर्वीच्या अल फहिदी) मेट्रो स्टेशनातून बाहेर पडून मीना बाजाराच्या दिशेने चालत गेलं की कापडाच्या दोन दुकानांच्या मधे एक मनी एक्स्चेंज लागतं. पाच खिडक्या, त्यातल्या बहुतेक वेळा तीन चालू. आत शिरल्यावर डाव्या हाताला टोकनचं मशीन, समोर भावाचा फलक. फलकावर देशांचे झेंडे एकाखाली एक असतात आणि पहिला झेंडा आपला. दुकानाचं नाव मी लिहीत नाही, कारण पुढे त्यांची एक चूकही सांगणार आहे आणि माझ्या लिहिण्यापायी खिडकीमागच्या कुणाला साहेबांपुढे उभं राहावं लागू नये.

मी अल कूझमधल्या एका गोदामात हिशेबाचं काम करते. २०११ पासून गावी, म्हणजे देवरुखजवळ, दर महिन्याला पैसे पाठवते. माझे बाबा १९७९ ते १९९८ इथेच इलेक्ट्रिशियन होते. त्यांच्या ड्राफ्टच्या पावत्या आईने बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवल्या आहेत. माझ्या पावत्या इथल्या खोलीत फाइलला लावलेल्या आहेत. दोन्ही गठ्ठे समोर ठेवले की दिरहम आणि रुपया यांची जवळपास पन्नास वर्षं डोळ्यांपुढून जातात. त्यामुळे या दुकानाबद्दल लिहिताना भावाबद्दल लिहिणं आलंच.

आधी ज्यासाठी लोक विचारतात ते सांगते. भाव बरा देतात का? देतात. सगळ्यात जास्त देतात का? नाही, पण फलकावर सगळ्यात जास्त भाव असणाऱ्या दुकानात जास्त रुपये मिळतातच असं नाही. हे कळायला मला दोन वर्षं लागली.

फेब्रुवारी २०२४ मधला एक दिवस घ्या. माझ्या वहीत लिहिलेला आहे. डॉलर ८३ रुपयांना होता. दिरहमचा डॉलरशी भाव १९९७ पासून ३.६७२५ वर बांधलेला आहे, म्हणून ८३ ला ३.६७२५ ने भागायचं. उत्तर येतं २२.६० रुपये. बँका आपसात ज्या भावाने व्यवहार करतात तो साधारण हा. आमच्या एक्स्चेंजच्या फलकावर त्या दिवशी टीटीचा, म्हणजे थेट खात्यात पैसे पाठवण्याचा, भाव २२.५३ होता, म्हणजे दिरहममागे सात पैसे त्यांचे. वर शुल्क २० दिरहम आणि त्यावर पाच टक्के व्हॅट, एकूण २१. त्याच वेळी फोनवरच्या एका ॲपमध्ये शुल्क शून्य होतं आणि भाव २२.४१.

शून्य शुल्क बघून कुणीही ॲपकडे वळेल. मीही वळले असते. पण हिशेब मांडला. काउंटरचे २१ दिरहम म्हणजे साधारण ४७३ रुपये. ॲप दिरहममागे १२ पैसे कमी देतं. हजार दिरहम पाठवले तर ॲपवर १२० रुपये कमी मिळतात, पण शुल्काचे ४७३ वाचतात, म्हणून ॲप चांगलं. पाच हजार पाठवले तर ॲपवर ६०० रुपये कमी मिळतात आणि वाचतात तेच ४७३, म्हणून काउंटर चांगला. दोन्ही सारखं होतं ते चार हजारांच्या जरा आत. मी दर महिन्याला साडेचार हजारांच्या आसपास पाठवते, त्यामुळे मला काउंटरच परवडतो. माझ्या खोलीत राहणारी परभणीची मुलगी बाराशे पाठवते, तिला मीच ॲप घालून दिलं. आकडे रोज बदलतात, पण हा हिशेब ज्याचा त्याने आपल्या रकमेवर एकदा तरी करून बघावा. दोन मिनिटं लागतात.

आणि इथेच या दुकानाचं मला कौतुक वाटतं. खिडकीमागे त्रिशूरकडची एक ताई बसते. आठ-नऊ वर्षं तीच आहे. मी रक्कम सांगितली की ती आधी कॅल्क्युलेटरवर आकडा काढून काचेला टेकवते : शुल्क, व्हॅट सगळं वजा जाऊन आईच्या खात्यात नेमके किती रुपये पडतील तो आकडा. मग विचारते, ‘दीदी, भेजूं?’ मी मान डोलावल्याशिवाय बटण दाबत नाही. दुसऱ्या बऱ्याच ठिकाणी भाव सांगतात आणि शुल्क पावतीवर दिसतं. इथे एकदाही तसं झालेलं नाही. एकदा तिनेच मला थांबवलं. म्हणाली, रक्कम लहान आहे, पुढच्या महिन्यात दोन्ही मिळून एकदमच पाठवा, एक शुल्क वाचेल. दुकानाचं वीस दिरहमांचं नुकसान करून तिने मला हे सांगितलं, हे मी विसरणार नाही.

त्या खिडकीच्या वर भिंतीवर एक काचेची चौकट आहे. बहुतेकांचं लक्ष जात नाही, कारण सगळ्यांचे डोळे फलकावर असतात. मलाही पहिली काही वर्षं ती दिसली नव्हती. एका रमजानात इफ्तारच्या आधी काम थांबलं होतं, बसून राहिले होते, तेव्हा नीट बघितली. चौकटीत तीन नोटा आहेत. पहिली दहा रुपयांची, अशोकस्तंभाची, आपल्या रिझर्व्ह बँकेची, पण रंग लाल. क्रमांकाच्या आधी इंग्रजी झेड अक्षर. दुसरी कतार आणि दुबईच्या रियालची, तिच्यावर गलबत, तेलाचा मनोरा आणि खजुराचं झाड. तिसरी १९७३ च्या पहिल्या दिरहमांपैकी. मी वर बघत राहिलेली पाहून तिथले जुने मॅनेजर, ते कच्छकडचे आहेत, केबिनमधून बाहेर आले आणि त्यांनी मला त्या तीन नोटांची हकीकत सांगितली. पुढे मी स्वतःही वाचून घेतलं.

या किनाऱ्यावर एके काळी आपलाच रुपया चालायचा. दुबई, अबुधाबी, कतार, बहारीन, कुवेत, मस्कत, सगळीकडे. मोत्यांचा आणि खजुराचा व्यापार मुंबईशी होता, म्हणून पैसाही मुंबईचा. स्वातंत्र्यानंतरही तो चालूच राहिला. मग अडचण आली ती सोन्याची. इथून सोनं चोरून हिंदुस्थानात जायचं आणि त्याच्या बदल्यात रुपयांच्या नोटा इकडे यायच्या. त्या नोटा इथल्या बँका रिझर्व्ह बँकेला परत द्यायच्या आणि त्यांच्या बदल्यात पौंड मागायच्या. म्हणजे चोरट्या सोन्याची किंमत शेवटी सरकारच्या परकीय गंगाजळीतून जायची. म्हणून १९५९ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून आखाती देशांसाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. दहाची लाल, पाचची नारिंगी, शंभरची हिरवी, आणि ओळखायला ते झेड अक्षर. या नोटा भारतात चालायच्या नाहीत. किंमत मात्र आपल्या रुपयाइतकीच.

मग ६ जून १९६६. त्या दिवशी सरकारने रुपयाचं अवमूल्यन केलं. आदल्या दिवशीपर्यंत डॉलरला ४.७६ रुपये पडायचे, ते ७.५० झाले. आखाती रुपया आपल्या रुपयाला बांधलेला होता, त्यामुळे दुबईच्या व्यापाऱ्याच्या तिजोरीतल्या नोटांची किंमतही एका रात्रीत तितकीच उतरली. त्यांनी काही केलेलं नसताना. कुवेतने १९६१ मध्ये आणि बहारीनने १९६५ मध्ये स्वतःचा दिनार काढला होता, ते वाचले. राहिलेल्यांनी रुपया सोडला. दुबई आणि कतारने मिळून रियाल काढला आणि त्याची किंमत ठरवली ती अवमूल्यनाच्या आधीच्या एका रुपयाइतकी. अबुधाबीने बहारीनचा दिनार घेतला. मस्कतमध्ये आखाती रुपया १९७० पर्यंत टिकला. २ डिसेंबर १९७१ ला अमिराती एकत्र आल्या आणि १९ मे १९७३ ला दिरहम निघाला. एका रियालला एक दिरहम, असा सरळ बदल.

म्हणजे चौकटीतल्या त्या तीन नोटा एका साखळीच्या तीन कड्या आहेत. ५ जून १९६६ चा एक रुपया, त्याचा एक रियाल, त्याचा एक दिरहम. मॅनेजर काका म्हणाले, ‘बेटी, ये दिरहम तुम्हारा ही पुराना रुपया है.’ मला त्या क्षणी अंगावर काटा आला. ज्याला आपण आज परका पैसा म्हणतो, ज्याच्यासाठी बाबांनी घर सोडलं, तो आपल्याच रुपयाचा जुना भाव सांभाळून बसलेला आहे. ६ जूनलाच त्या जुन्या रुपयाचे आपले १ रुपया ५७ पैसे झाले होते. बाबा १९७९ मध्ये आले तेव्हा दिरहमला दोन रुपये आणि वर काही पैसे मिळायचे. परत गेले त्या १९९८ मध्ये अकराच्या आसपास. मी आले तेव्हा बाराच्या थोडा वर. गेल्या डिसेंबरात, म्हणजे २०२५ च्या, डॉलरने नव्वदी ओलांडली तेव्हा दिरहम साडेचोवीसला टेकला.

असं का, हे मी अनेकांना समजावून सांगते, कारण इथे राहूनही खूप जणांना वाटतं की दिरहम वर जातो आहे. दिरहम जागचा हललेला नाही. तेल डॉलरमध्ये विकलं जातं, देशाची मिळकत डॉलरमध्ये, म्हणून इथल्या मध्यवर्ती बँकेने दिरहम डॉलरच्या खुंटीला बांधून ठेवला आहे आणि तो तिथेच राहावा म्हणून हाताशी डॉलरचा साठा ठेवते. रुपया मात्र मार्च १९९३ पासून बाजारात ठरतो. म्हणून रुपया-दिरहम असा वेगळा भाव खऱ्या अर्थाने नाहीच. आहे तो रुपया-डॉलरचा भाव, ३.६७२५ ने भागलेला. दिरहमचं पुढे काय होणार हे बघायचं तर दुबईच्या बातम्या वाचून उपयोग नाही. कच्च्या तेलाचा भाव, अमेरिकेतले व्याजदर आणि मुंबईत रिझर्व्ह बँक काय करते ते बघावं लागतं. बाबा आजही पेपरात डॉलरचा भाव बघून कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर भागाकार करतात आणि मला फोनवर सांगतात, ‘आज तुला इतका मिळायला हवा, कमी दिला तर विचार.’ बहात्तर वर्षांचे आहेत. उत्तर पैशापर्यंत बरोबर असतं.

त्या डब्यातली एक पावती मी या लेखासाठी आईकडून फोटो काढून मागवली. जून १९९१ ची, शेवटच्या आठवड्यातली. गावच्या घराची कौलं काढून स्लॅब टाकला होता पावसाच्या आधी, आणि सिमेंटवाल्याचे आणि गवंड्याचे पैसे राहिले होते. बाबांनी दहा हजार दिरहमांचा ड्राफ्ट काढला. दोन वर्षांची शिल्लक. भाव पावणेसहाच्या जरा आत. ड्राफ्ट रुपयांत निघायचा, म्हणजे भाव काढला त्याच दिवशी ठरून गेला, सत्तावन्न हजारांच्या घरात. मग तो कागद पाकिटात घालून रजिस्टर टपालाने देवरुखला. पोचायला पंधरा दिवस.

पाकीट टपालात असताना १ जुलै आणि ३ जुलै असं दोन टप्प्यांत रुपयाचं अवमूल्यन झालं. देशाकडे जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीला पुरेल इतकंच परकीय चलन उरलं होतं. त्याच जुलैत मुंबईहून सुमारे ४७ टन सोनं परदेशात गहाण ठेवायला गेलं. दिरहम सातवर गेला. पोस्टमनने आईच्या हातात पाकीट दिलं तेव्हा आतला आकडा तोच होता, पण बाबा आठ दिवस थांबले असते तर त्याच दहा हजारांचे साडेतेरा हजार रुपये जास्त आले असते. १९९१ मध्ये साडेतेरा हजार म्हणजे आमच्या घराला खिडक्या-दारं बसली असती. ती पुढे तीन वर्षांनी बसली. तोवर पुढच्या पडवीला गोणपाट होतं, ते मला आठवतं.

मी मोठी झाल्यावर बाबांना विचारलं होतं, वाईट वाटलं नाही का. ते म्हणाले, सिमेंटवाल्याला शब्द दिला होता जूनचा.

म्हणून मी भावासाठी थांबत नाही. हप्त्याची तारीख, आईची औषधं, गॅस, वीजबिल, या सगळ्याच्या तारखा ठरलेल्या असतात, त्या दिवशी पैसे पोचतात. २०१३ च्या ऑगस्टमध्ये मी या दुकानासमोर फुटपाथपर्यंत गेलेली रांग बघितली आहे. २८ ऑगस्टला डॉलर ६८ च्या वर गेला होता, दिरहमला साडेअठराच्या पुढे मिळत होते. लोक उसने घेऊन, क्रेडिट कार्डावर रोकड काढून पाठवत होते. आमच्या गोदामातला एक ड्रायव्हर मात्र वीस होईल म्हणून थांबला. सप्टेंबरात रघुराम राजन रिझर्व्ह बँकेत आले, अनिवासी भारतीयांच्या डॉलर ठेवींसाठी खास सवलत निघाली, आणि ऑक्टोबरात भाव सतराच्या आत आला. त्याच्या बहिणीचं लग्न तोंडावर होतं. त्याला शेवटी त्याच भावाला पाठवावे लागले. ज्यांनी कार्डावर काढले होते त्यांना मिळालेला फायदा व्याजात गेला. दोघांचीही चेहऱ्यावरची काळजी मी त्या बाकड्यावर बसून बघितली आहे.

आणि दुसरी गोष्ट, भाव वाढला की इथे दुकानात मिठाई वाटल्यासारखं वातावरण असतं. मला समजतं ते. माझा रत्नागिरीच्या फ्लॅटचा हप्ता रुपयांत आहे, रुपया उतरला की तो हप्ता फेडायला मला कमी दिरहम लागतात. पण तेल बाहेरून येतं, खाद्यतेलही बरंचसं बाहेरून येतं, आणि गावात ज्यांच्या घरातलं कुणी बाहेर नाही त्यांना तेच डिझेल आणि तोच तेलाचा डबा महाग पडतो. माझी चुलती अशा घरात आहे. साडेचोवीस भाव लागला त्या दिवशी मला आनंद झाला असं मी म्हणू शकत नाही.

आता चूक. १ एप्रिल २०२१ पासून विलीन झालेल्या काही बँकांचे जुने आयएफएससी क्रमांक बंद झाले. आईचं खातं त्यातल्याच एका बँकेत. एक्स्चेंजच्या संगणकात जुना क्रमांक साठवलेला होता, मला त्याची कल्पना नव्हती, आणि खिडकीवर त्या दिवशी नवीन मुलगा होता, त्यानेही विचारलं नाही. तीन हजार दिरहम १९.९० च्या भावाने गेले, म्हणजे ५९,७०० रुपये. पोचले नाहीत. मी रोज फोन करत होते. ‘प्रोसेसमध्ये आहे’ एवढंच उत्तर. नवव्या दिवशी परत आले. मधल्या काळात रुपया घसरला होता आणि परतावा त्या दिवशीच्या, तोही त्यांच्या खरेदीच्या भावाने, २०.५० ने मिळाला. हातात आले २,९१२ दिरहम. ८८ दिरहम गेले, शुल्क गेलं ते वेगळं. तिकडे आईने औषधाच्या दुकानात उधारी केली.

मला राग आला होता आणि तो मी तिथेच बोलून दाखवला. पैसे परत येतात तेव्हा भावातल्या फरकाचा तोटा गिऱ्हाइकाने सोसायचा, ही अट पावतीच्या मागे बारीक अक्षरात छापलेली असते आणि जवळजवळ सगळीकडे अशीच असते. पण हजारो लोकांचे क्रमांक एकाच दिवशी बदलणार हे त्यांना आधी माहीत असायला हवं होतं, निदान दारावर एक कागद चिकटवायला हवा होता. मॅनेजर काकांनी ऐकून घेतलं. त्यांनी शुल्क परत दिलं, पुढच्या दोन वेळा शुल्क घेतलं नाही. ८८ दिरहम नाही मिळाले. दुसऱ्या आठवड्यात गेले तेव्हा दारावर कागद होता, हिंदीत, मल्याळममध्ये आणि इंग्रजीत. मराठीतही लावा असं मी म्हटलं. त्यांनी मलाच लिहायला बसवलं आणि तो हाताने लिहिलेला कागद बरेच महिने तिथे होता. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीत परदेशातून येणाऱ्या पैशात महाराष्ट्र सगळ्यात वर आहे, २०.५ टक्के, केरळच्याही जरा पुढे. त्यातला मोठा वाटा मुंबईतल्या खात्यांचा असेल, पण खेड, चिपळूण, संगमेश्वरचे लोक याच रांगेत उभे असतात. त्यांना त्यांच्या भाषेतली सूचना मिळायला हवी.

अजून काही कमी आहे ती सांगते. पगाराच्या आठवड्यात पन्नास मिनिटांच्या आत नंबर लागत नाही. बसायला एकच बाकडं. फलकावरचा भाव दिवसातून दोन-तीनदा बदलतो आणि रांगेत असताना बदलला तर बदललेलाच लागतो. टोकन घेतानाचा भाव धरत नाहीत. हे त्यांनी बदलावं असं मला फार वाटतं, कारण तासभर उभ्या राहिलेल्या मजुराच्या हातून चार पैसे जाणं बरं दिसत नाही. नोटांचा भाव मात्र इथे घेऊ नका. टीटीचा भाव वेगळा, नोटांचा वेगळा, आणि रुपयांच्या नोटा घ्यायला गेलं तर दिरहममागे पन्नास-साठ पैसे कमीच पडतात. विमानतळावर त्याहून वाईट. गावी जाताना टॅक्सीपुरते रुपये मी आईने मागच्या खेपेला दिलेल्यातलेच ठेवते.

बँकेतून का पाठवत नाही असंही विचारतात. २०१२ मध्ये एकदा पाठवले होते, एका बँकेतून. दिरहमचे डॉलर झाले, डॉलरचे रुपये झाले, मधल्या कुठल्याशा बँकेने आपलं शुल्क कापलं आणि आईच्या खात्यात जवळपास नऊशे रुपये कमी पडले. कुणी कापले ते शेवटपर्यंत कळलं नाही. एक्स्चेंजमधून रुपयांतच जातं, सांगितलेला आकडा पडतो. जुलै २०२३ मध्ये दोन्ही देशांच्या मध्यवर्ती बँकांनी रुपया आणि दिरहममध्येच व्यवहार करण्याचा करार केला, त्यानंतर इंडियन ऑइलने अबुधाबीच्या कंपनीला तेलाचे पैसे रुपयांत दिल्याचंही वाचलं. आमच्या खिडकीपर्यंत त्याचा परिणाम अजून आलेला नाही. यावा, असं मनापासून वाटतं.

आणि हुंडी. या गल्लीतच दोन जण आहेत जे शुल्काशिवाय, फलकापेक्षा वीस पैसे जास्त देऊन, तासाभरात घरी रोकड पोचवतो म्हणतात. बाबांच्या काळात सरकारी भाव आणि बाजारातला भाव यात मोठं अंतर असायचं, म्हणून खूप लोक त्या वाटेला गेले, हे मला माहीत आहे. आता ते अंतर पैशांवर आलं आहे. त्या वीस पैशांसाठी पावती नाही, तक्रार करायला जागा नाही आणि दोन्हीकडे कायदा मोडतो. कृपा करून जाऊ नका.

डिसेंबरातली माझी शेवटची पावती समोर आहे. वेळ संध्याकाळी सात वाजून बारा मिनिटं. कारणाच्या रकान्यात ‘कुटुंबाचा खर्च’. साडेचार हजार दिरहम. सात वाजून सोळा मिनिटांनी आईच्या फोनवर बँकेचा मेसेज गेला, आणि सतराव्या मिनिटाला बाबांचा फोन आला. त्यांनी मेसेजमधला आकडा माझ्याकडून पुन्हा म्हणवून घेतला आणि कॅलेंडरवरच्या आकड्याशी ताडून बघितला. दिरहममागे आठ पैसे कापले, ठीक आहे, म्हणाले.

पाचपैकी चार तारे देते. जाताना एमिरेट्स आयडी मूळ न्यावं, फोनमधला फोटो चालत नाही. गावच्या खात्याचा आयएफएससी पासबुकावरून एकदा ताडून घ्यावा. शक्यतो महिन्याच्या दहा तारखेनंतर, सकाळी नऊच्या सुमारास जावं. डावीकडून दुसऱ्या खिडकीत ती त्रिशूरची ताई असते. शुक्रवारी नमाजाच्या वेळेत बंद असतं.